क्रेट जमिनीवर का ठेवला? मसाला कारखान्यातल्या कंबरदुखीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतला हा मसाला कारखाना. माणसं साठेक, त्यात निम्म्याहून जास्त बायका. मिरची, हळद, धने, गरम मसाला आणि कांदा-लसूण मसाला हा माल. मार्च ते मे हा हंगाम. घराघरांत वर्षाची चटणी करायची वेळ असते, तशीच तयार मसाल्याचीही मागणी चढते. माझं काम औद्योगिक सुरक्षेचा सल्लागार म्हणून बाहेरून येऊन पाहणी करण्याचं. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. मापं मात्र टेप लावून घेतलेली आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

धन्याचा प्रवास असा. पोत्यातून चाळणीवर, चाळणीतून रोस्टरमध्ये, भाजून झाले की प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, क्रेटमधून पल्व्हरायझरच्या, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी दळणाऱ्या यंत्राच्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या तोंडात) आणि शेवटी पॅकिंगला. पोती उतरवायला हमालांची टोळी येते. क्रेट उचलून हॉपरमध्ये ओतायचं काम कारखान्याच्या बायकांकडे. त्याला तिथे 'भरणी' म्हणतात. भरणीला रोजचा थोडा जादा भत्ता मिळतो. पुढे हा भत्ता महत्त्वाचा ठरला.

काय घडलं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या पाळीत, चौथा की पाचवा क्रेट उचलताना भरणीवरच्या बाईंच्या कमरेत उसण भरली. सगळे त्यांना आक्का म्हणत, मीही तेच म्हणतो. वय पंचेचाळिशीच्या आसपास, भरणीवर सहा वर्षं. क्रेट हातातून सुटला, धने सांडले. आक्का तिथेच भिंतीला धरून उभ्या राहिल्या. सुपरवायझरने त्यांना बसवलं, मलम दिलं आणि दुपारी घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्या पायाळू माणसाकडे जाऊन आल्या. पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि मी त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही. तीन दिवस पाय लावून झाला. चौथ्या दिवशी डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मुलगा त्यांना विमा दवाखान्यात घेऊन गेला.

अपघात नोंदवहीत काहीच नव्हतं. सुपरवायझरचं म्हणणं, "काही पडलं नाही, कापलं नाही, कंबर भरली. त्याला अपघात कसा म्हणायचा?" त्यामुळे कर्मचारी राज्य विम्याकडेही (ईएसआय) हे साधं आजारपण म्हणून गेलं. आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के असतो आणि पहिले दोन दिवस सहसा त्यात धरले जात नाहीत. कामावर झालेली इजा ठरली, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ साधारण ९० टक्क्यांच्या घरात जातो. नोंदवहीतली एक ओळ राहिली आणि आक्कांचा दर महिन्याला इतका फरक पडला. शिवाय प्रकरण घडलं तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८च्या कलम ८८ प्रमाणे, अठ्ठेचाळीस तास किंवा जास्त काळ कामावर येता येणार नाही अशा दुखापतीची सूचना कारखाने निरीक्षकांना द्यावी लागत होती. तीही गेली नव्हती. कागद दुरुस्त करायला सांगणं हे माझं पहिलं काम झालं आणि त्याला सगळ्यांत जास्त विरोध झाला.

मग मी बाकीच्या चौघींशी बोललो. सुपरवायझरसमोर सगळ्यांचं "काही त्रास नाही." चहाच्या सुट्टीत, तो नसताना, दोघींनी पदर बाजूला करून कमरेचा पट्टा दाखवला, स्वतःच्या पैशाने आणलेला. एक रोज रात्री गोळी घेऊन झोपत होती. सांगत का नाही, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, "सांगितलं की पॅकिंगला टाकतात. मग भत्ता जातोय."

पहिला निर्णय: पट्टे आणि फलक

मालकांना मनापासून काहीतरी करायचं होतं. मी येण्याआधीच त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: भरणीवरच्या सगळ्यांना कमरेचे पट्टे आणि भिंतीवर 'गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा' असा रंगीत फलक. एक तासाचं प्रशिक्षणही ठरलं होतं.

पट्ट्यांबद्दल अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगून ठेवलं आहे की, दुखापत नसलेल्या कामगाराला पट्टा बांधल्याने पाठीची इजा टळते याला पुरेसा पुरावा नाही. उलट पट्टा बांधला की माणसाला वाटतं आपण जरा जास्त उचलू शकतो. उचलण्याच्या पद्धतीच्या नुसत्या प्रशिक्षणाबद्दल झालेल्या अभ्यासांचे आढावेही असंच सांगतात: फक्त शिकवल्याने पाठदुखी कमी झाल्याचं दिसत नाही.

फलकाचं काय होतं ते मी प्रत्यक्ष पाहिलं. एका ताईंना म्हटलं, फलकावर आहे तसं उचलून दाखवा. त्या बसल्या. क्रेट साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद. तो दोन गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही. गुडघे पुढे आले, क्रेट आणखी पुढे ढकलला गेला आणि उठताना सगळा भार लांब धरलेल्या हातांवर आला.

"बघा सर, असं बसून उठलं की गुडघं पण जातंय आणि कंबर पण. वाकून उचललं तर निदान गुडघं तरी वाचतंय."

फलक त्या दिवशी माझ्या मनातून उतरला. रोज दोनशे वेळा एखादं काम करणारी बाई ते ज्या पद्धतीने करते, त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी हिशोब असतो.

मोजमाप

भरलेला क्रेट काट्यावर ठेवला: वीस किलो. मालक म्हणाले, "वीसच ना? हमाल पन्नास किलोचं पोतं पाठीवर नेतो." हे वाक्य मी प्रत्येक कारखान्यात ऐकतो. हमालाचं पोतं ट्रकच्या फळीवरून थेट पाठीवर येतं, अंगाला चिकटून राहतं आणि थप्पीवर उतरतं. जमिनीवरून हातांनी वर यायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. (हमालांच्या पाठी सुखरूप असतात असं मुळीच नाही. तो वेगळा विषय.)

म्हणून मालकांसमोर बसून नायॉशचं उचलण्याचं सूत्र मांडलं. १९९१ साली सुधारलेलं हे सूत्र २३ किलोपासून सुरू होतं. सगळं आदर्श असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, साधारण मांडीच्या उंचीवर, पिळा न घेता आणि क्वचितच उचलायचं असेल, तर २३ किलो. मग जे जे आदर्श नाही, त्याची त्याची काट बसत जाते.

क्रेट रुंद असल्याने हात घोट्यांपासून ४० सेंटिमीटर पुढे राहतात. आदर्श अंतर २५. इथेच २३ चे १४.४ झाले.

क्रेट जमिनीवर, त्याच्या पकडीची उंची २० सेंटिमीटर. १२ उरले.

तिथून हॉपरच्या काठापर्यंत, म्हणजे १३५ सेंटिमीटरपर्यंत न्यायचा. १०.३.

क्रेट डाव्या हाताला, हॉपर समोर. पाय न हलवता पंचेचाळीस अंशांचा पिळा. ८.८.

तासाला तीस क्रेट, दिवसभर. ७.१ किलो.

मालकांनी आकडा वहीत लिहून घेतला आणि त्याच्याखाली स्वतःच २० लिहिलं. पावणेतीन पटीच्या वर. शिवाय हे सूत्र १९ ते २६ अंश तापमान धरून आहे. एप्रिलमध्ये रोस्टरशेजारी २६ अंश कुठून आणायचे?

या वजाबाकीचा उपयोग आकड्यापेक्षा ती कुठे होते ते दिसण्यात जास्त आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वजन होतं. खरी काट बसत होती क्रेटच्या रुंदीची, जमिनीची, हॉपरच्या उंचीची आणि पिळ्याची. त्याच गोदामात आणखी एक उदाहरण पडलं होतं. मिठाचं पोतं पन्नास किलोचं, पण घट्ट आणि लहान. मिरचीचं पोतं त्याहून हलकं, पण फुगलेलं आणि हातात न मावणारं. ते उचलताना हात पार लांब जातात. कमरेला कुठलं जड, हे हमालाला विचारा.

आक्कांना सकाळीच का भरली, हेही मालकांनी विचारलं. रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगतात. उठल्यावर पहिल्या तासाभरात पाठ ताठ असते आणि वाकताना चकत्यांवर ताण जास्त येतो. आक्का पाचला उठून स्वयंपाक करून येत, म्हणजे आठपर्यंत तीन तास झालेले असत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत मी हे कारण ठामपणे सांगणार नाही. सहा वर्षांत रोज दोनशे क्रेट हे कारण मला पुरेसं वाटतं.

पर्याय

क्रेट कमी भरायचा, हा सगळ्यांत सोपा आणि फुकटचा पर्याय. वीसऐवजी बारा किलो. पण माल तेवढाच जायचा असेल तर तासाला तीसऐवजी पन्नास क्रेट होतात. वाकणं वाढतं, पिळा वाढतो. क्रेट जमिनीवर ठेवून फक्त वजन कमी केलं तर अर्धं पदरात पडतं आणि अर्धं दुसरीकडून जातं.

बायका आलटून पालटून ठेवायच्या, हा सुपरवायझरचा पर्याय. याने एकीचा त्रास अर्धा होतो हे खरं, पण त्रासात येणाऱ्या बायका दुप्पट होतात. काम तसंच राहतं. शिवाय भत्ता कुणाला, यावरून भांडणं.

भरणीला पुरुष ठेवायचे, असंही एकाने सुचवलं. पाच बायकांचा भत्ता काढून वाईट काम दुसऱ्याच्या कमरेवर घालायचं. मी यावर फार वेळ घालवला नाही. मालकांनीही नाही.

बकेट एलिव्हेटर, म्हणजे फिरत्या बादल्यांनी माल वर नेणारं यंत्र, बसवला की उचलणंच संपतं. मालकांना ही कल्पना आवडली, कोटेशनही मागवलं. नाही म्हणाला तो उत्पादन बघणारा माणूस, आणि त्याचं बरोबर होतं. त्याच यंत्रावर धन्यानंतर मिरची, मिरचीनंतर गरम मसाला लागतो. प्रत्येक वेळी एलिव्हेटरची प्रत्येक बादली आणि तळ साफ करायचा. नाही केला तर धनेपुडीत मिरचीचा रंग. दिवसातून दोनदा माल बदलणाऱ्या कारखान्याला ते परवडत नाही.

पाचवा पर्याय बायकांकडून आला. मोजमाप चालू असताना एक ताई सहज बोलून गेल्या, "गिरणीत दळण टाकताना डबा वर टेकवतोय की गिरणीवाला. टेकवला की कलता करतोय. धरून कोण ठेवतंय?" खरंच, भरणीतली अर्धी मेहनत उचलण्यात आणि अर्धी क्रेट हवेत धरून रिकामा करण्यात जात होती. तेव्हा मी प्रश्न उलटा केला. क्रेट हलका कसा करायचा ते सोडा, तो जमिनीवर ठेवतोच कशाला? रोस्टरमधून धने सत्तर सेंटिमीटर उंचीवरून पडतात. ते जमिनीवरच्या क्रेटमध्ये पडू देतो आणि मग पुन्हा १३५ पर्यंत उचलतो. मिळालेली उंची फुकट घालवून ती पुन्हा कमरेने विकत घ्यायची.

काय केलं

चाकं असलेलं, पायाने पंप मारून वर जाणारं सिझर लिफ्ट टेबल घेतलं. खाली असताना उंची तीस सेंटिमीटरच्या आत, म्हणजे क्रेटसकट रोस्टरच्या तोंडाखाली जातं. दोन क्रेट शेजारी मावतात. भरले की टेबलच ढकलत हॉपरपाशी न्यायचं, पंप मारून काठाच्या पातळीला आणायचं, क्रेट सरकवून काठावर टेकवायचा आणि कलता करायचा. खर्च भरणीवरच्या एका बाईच्या तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढा.

अडचण हॉपरची होती. टेबल नव्वदच्या वर जात नाही, काठ १३५ वर. वसाहतीतल्या फॅब्रिकेटरने हॉपरची समोरची बाजू कापून काठ ९५ वर आणायचं सुचवलं. हॉपरमध्ये माल कमी मावेल, पण ओतणं सोपं झाल्यावर त्याची गरजही नव्हती. मी हो म्हणालो. आणि इथे माझी चूक होता होता राहिली. काठ खाली आला म्हणजे फिरत्या हातोड्यांच्या तोंडापर्यंतचं अंतर चाळीस सेंटिमीटरने कमी झालं. अडकलेला माल हाताने ढकलायची सवय सगळ्यांनाच असते. कंबर वाचवायला जाऊन बोटं घालवली असती. कापायच्या आदल्या दिवशी मेंटेनन्सच्या पोराने विचारलं, "सर, हात पोचतोय की आता?" काम थांबवून आतल्या तोंडावर पक्की जाळी वेल्ड करून घेतली. लोखंडाचे कण पकडणारी चुंबकाची जाळी त्याच्यावर बसवली आणि ढकलायला लाकडी दांडा साखळीने अडकवला. मगच हॉपर कापला.

क्रेटही बदलले: अरुंद आणि बारा किलोची रेघ मारलेले. काट्यावर न ठेवताही रेघेच्या वर भरलेला क्रेट दिसतो. आता उचलायचं नसून सरकवायचं होतं, त्यामुळे खेपा वाढण्याचा तोटा उरला नव्हता. अगदी हाताने उचलावा लागला तरी, कमरेच्या उंचीवर आणि पिळा न घेता, सूत्रात तो सुरक्षित मर्यादेच्या आत बसत होता.

भरणीचा भत्ता कामाला जोडलेला होता, तो माणसाला जोडला. दुखतंय म्हणून सांगितल्यावर पॅकिंगला गेलेल्या बाईचा भत्ता तीन महिने चालू राहील, असं मालकांनी लिहून दिलं. या एका कागदासाठी मला टेबलापेक्षा जास्त वेळ बसावं लागलं.

निष्पत्ती

पहिला आठवडा पूर्ण फसला. टेबल आलं, वापरलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. क्रेट पुन्हा जमिनीवर. सुपरवायझर म्हणाला, "बायकांना नवीन काही नको असतं." मी टेबल स्वतः ढकलून पाहिलं. रोस्टरच्या खोलीच्या दाराला चार सेंटिमीटरचा उंबरा होता. रोज पाणी मारतात, ते बाहेर जाऊ नये म्हणून केलेला. दोन भरलेले क्रेट घेऊन लहान चाकं त्याच्यावर चढत नाहीत, म्हणून दर वेळी दोघींनी टेबल उचलून पलीकडे न्यायचं. म्हणजे आम्ही वीस किलोचा क्रेट वाचवून त्यांना अख्खं टेबल उचलायला लावलं होतं. गवंड्याने अर्ध्या दिवसात दोन्ही बाजूंनी उतार करून दिला आणि पाण्यासाठी बाजूला पन्हळ काढली. त्यानंतर टेबल कोपऱ्यात गेलं नाही.

पुढच्या हंगामात रात्रपाळी सुरू झाली, तेव्हा कंत्राटी मुलं आली. त्यांना कुणी पंप दाखवला नव्हता. एका रात्री अचानक गेलो तर क्रेट जमिनीवर, रेघेच्या वर भरलेले. आता नवीन माणसाला पहिल्या दिवशी भरणीवरची बाईच तासभर शिकवते आणि त्या तासाचे तिला पैसे मिळतात.

आठ महिन्यांत भरणीवरून कमरेसाठी रजा पडली नाही. पाच माणसांत आठ महिने म्हणजे फार काही सिद्ध होत नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं. मला जास्त भरवशाचं वाटतं ते वेगळंच: याच काळात चार तक्रारी आल्या. आधी सहा वर्षांत एकही नव्हती. त्यातली एक मनगटाची होती, क्रेट कलता करताना पिळ बसतो म्हणून. काठाला क्रेटची कड अडकेल अशी खोबण करून घेतली. ताई म्हणतात फरक आहे, पण पूर्ण गेलेलं नाही.

आक्का अकरा आठवड्यांनी परत आल्या. पायातल्या मुंग्या गेल्या, जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं. त्या पॅकिंगला आहेत. भत्त्याचा कागद त्यांची रजा चालू असताना झाला, तो त्यांना लागू करायला मालकांनी एका शब्दात होकार दिला, पण तीन महिन्यांपुरताच. कामावरची इजा म्हणून उशिरा पाठवलेला अपघात अहवाल विमा कार्यालयात प्रश्नोत्तरांत अडकला. घटनेच्या दिवशीची नोंद कुठे आहे, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता.

पुन्हा करायचं झालं तर

मी कागदांपासून सुरुवात केली आणि सुपरवायझर पहिल्या दिवसापासून माझ्या विरोधात गेला. चूक त्याने केली होती हे खरं, पण 'कंबर भरणं म्हणजे अपघात नाही' ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती. ती मालकांची होती, आक्कांचीही होती. आधी त्याच्यासोबत मोजमाप केलं असतं, टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं असतं, तर उंबरा त्यानेच दाखवला असता. तो त्या दारातून रोज जातो.

टेबल विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने आणून चालवून पाहायला हवं होतं. मी हॉपर मोजला, रोस्टर मोजला, क्रेट मोजला, हातांचं अंतर मोजलं. मधली वाट मोजली नाही.

पोती उतरवणाऱ्या टोळीकडे आम्ही वळलोच नाही. ते कारखान्याचे कामगार नाहीत, माथाडी मंडळाकडे नोंदलेले आहेत, म्हणून मालक म्हणाले, तो आपला विषय नव्हे. पोती मात्र मालकांच्याच फळीवरून उतरतात आणि त्यांनीच ठरवलेल्या उंचीच्या थप्पीला लागतात. मागच्या महिन्यात मुकादमाने मला गेटवर गाठलं आणि विचारलं, "बायकांना टेबल दिलंत, आमच्या थप्पीचं काय? दहाव्या थराला पोतं डोक्याच्या वर जातंय." पुढच्या भेटीत टेप घेऊन गोदामात जायचं ठरलं आहे. या वेळी टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात असेल.